आमच्या घराकडे उघाडी होती तेव्हा

"वो जॅकेट उतार दीजिए, मॅडम."

वॉचमन हात पुढे करून उभा. आमचा सगळा वर्ग गेटवर रांगेत. ग्लोबल सप्लाय चेन मॅनेजमेंटचा मास्टर्स, पहिलं वर्ष, आणि आज पहिल्यांदा खऱ्या गोदामात जायचं होतं. कंपनीने सगळ्यांना नारिंगी जॅकेटं वाटली होती, चमकत्या पट्ट्यांची. मी ते घालून चेनसुद्धा लावली होती. फोटो काढून झाला होता. मग वॉचमनने एकेकाचं आधार कार्ड बघायला घेतलं. माझ्या कार्डावरचा पत्ता त्याने परत परत वाचला आणि आत फोन लावला.

"सर, एक लोकल है इसमें."

पलीकडून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्याने फोन ठेवला आणि हात पुढे केला.

मी जॅकेट काढलं. सगळ्यांसमोर. चेन मध्येच अडकली. मागच्या मुलीने ती सोडवून दिली, तिला वाटलं मला उकडतंय.

सर रांगेच्या पुढून मागे आले. आमचे सर, वेअरहाउसिंगचा पेपर शिकवणारे. आवाज खाली आणून म्हणाले, "पॉलिसी आहे गं त्यांची. आजूबाजूच्या गावातलं कुणी आत घेत नाहीत. चोऱ्या होतात, भांडणं होतात. मनाला लावून घेऊ नकोस. तुझी अटेंडन्स मी लावतो."

आणि ते वर्गाला घेऊन आत गेले. गेट बंद झालं. केबिनला लागून एक प्लास्टिकचं स्टूल होतं, वॉचमनने ते माझ्याकडे सरकवलं. बिचारा बिहारहून आलेला, त्याचा तरी काय दोष. "ऊपर से ऑर्डर है," एवढंच म्हणाला आणि पाण्याची बाटली दिली.

मी जिथे बसले होते तिथे आमच्या शेजाऱ्यांचं शेत होतं. वसई पूर्वेला, खाडीच्या कडेला आमचं गाव. लहानपणी त्या शेतात आम्ही चिंबोऱ्या पकडायचो. आता त्याच्यावर दोन पुरुष उंच मातीचा भराव आणि त्याच्यावर गोदाम. आत माझा वर्ग फिरत होता आणि बाहेर ट्रेलरांची रांग लागली होती. आमच्याच शेताच्या उरावर बांधलेल्या गोदामात आम्हीच चोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी उठले नाही. स्टुलावर गप्प बसून राहिले, कारण मला डिग्री हवी होती. ती लाज अजून गेली नाही.

परत येताना बसमध्ये सगळ्यांच्या हातात कंपनीची टोपी आणि समोशाची पिशवी. मैत्रीण म्हणाली, "तुझं मिस झालं यार. किती स्वीट लोक आहेत." मागून एकजण म्हणाला, "लोकलसे बच के रहना रे." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसायचीच सवय होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं, माल वेळेवर न पोचण्याची कारणं. वादळ. संप. बंदरातली गर्दी. समुद्रातली लढाई. आणि शेवटी, लोकल. मुलं वह्यांत उतरवून घेत होती. मीही उतरवून घेतलं. माझ्याच हाताने मी मला वादळाच्या आणि लढाईच्या ओळीत बसवलं.

एक सांगते. हा विषय कुणी माझ्या माथी मारला नव्हता. मला तो आवडतो, अजूनही. आमच्या गावाजवळच्या हायवेवरून लहानपणापासून कंटेनर जाताना बघितले. त्यांच्या अंगावर कुठल्या कुठल्या भाषांतली अक्षरं. मला वाटायचं, हे येतात कुठून आणि जातात कुठे? कुणाच्या घरातलं काय भरलंय यात? घरात कुणाला सांगता यायचं नाही. बाबा आधी मिठागरावर, मग स्वतःच्या तुकड्यावर भात लावणारे. आई भाजीची टोपली घेऊन एव्हरशाईन सिटीत बिल्डिंगी-बिल्डिंगीतून फिरायची. घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. बी.कॉम. झाले आणि या कोर्सचं नाव ऐकलं तेव्हा वाटलं, हेच. जगभरच्या मालाचा रस्ता शिकायचा. तो रस्ता शिकता शिकता माझ्याच दारात येऊन थांबेल हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

आता उघाडीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून कडेने मातीचा बांध. आमच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर चिखल वाहून घातलेला. त्या बांधात एक दार आहे, जाड लाकडी फळ्यांचं, दोराने वर ओढायचं नि खाली सोडायचं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की दार वर, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती लागली की दार खाली. हे दिवसातून दोन्ही वेळेला, पावसाळाभर. चुकलं तर खारं पाणी भातात शिरतं. भात मरतं हे एक झालं, जमीनही खारटते. पुढची कित्येक वर्षं तिच्यात काही उगवत नाही.

हे काम कुणी नोकर करत नाही. गावकी दरसाल एका घराकडे उघाडी देते, गल्लीच्या क्रमाने. होळीच्या दुसऱ्या दिवशी जुनं घर नारळ फोडतं आणि दोर नव्या घराच्या हातात ठेवतं. भांडण असो, सोयरीक तुटलेली असो, दोर द्यायचा आणि घ्यायचा. त्या घराच्या भरवशावर मग वर्षभर गाव झोपतं.

गोदामाच्या गेटबाहेर मला बसवून ठेवलं त्याच वर्षी, होळीला उघाडी आमच्या घराकडे आली. बाबांचा गुडघा तोवर गेला होता. मला भाऊ नाही. म्हणून दोर मी धरला. चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पोरीच्या जातीने उघाडी धरली म्हणून. आषाढातल्या उधाणाला दार वेळेवर पडलं, तेव्हा त्यांची नाकं आपोआप सरळ झाली. कॉलेजला जायच्या आधी बांधावर, कॉलेजहून आल्यावर बांधावर. मी कॉलेजात असताना भरती आली तर आई दार सोडायची.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"इंडस्ट्री प्रोजेक्टसाठी त्या कंपनीने स्वतःहून तुझं नाव मागितलंय."

"कुठल्या कंपनीने, सर?"

"तीच गं. मागच्या वेळी जरा गैरसमज झाला होता ना. नशीबवान आहेस."

मला खरंच वाटलं की त्यांना आपली चूक कळली. हरखून घरी आले. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा एवढंच म्हणाले, "त्यांना आता तूच कशी आठवलीस गो?" मी चिडले त्यांच्यावर. म्हटलं, कधीतरी आपल्यातल्या कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला.

या वेळी गेटवर कुणी पत्ता वाचला नाही. जॅकेट मिळालं. एसीतली खुर्ची मिळाली. मॅनेजर मराठी, मुंबईचा, हळू बोलणारा माणूस. कधी आवाज चढवला नाही. चहा स्वतः विचारायचा. मी मन लावून काम केलं. ट्रेलर गेटबाहेर इतका वेळ का खोळंबतात याचा अभ्यास मला दिला होता. मी गाड्यांच्या वेळा बदलून दाखवल्या, रांग निम्मी झाली. मॅनेजरने ऑफिसात सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. घरी जाताना मी जॅकेट घालूनच गेले, गावाने बघावं म्हणून.

पण हळूहळू त्याचे प्रश्न बदलत गेले. गावात किती जण विकायला तयार आहेत? कोण नडतंय? तुमच्या त्या मीटिंगा कधी असतात? मी काहीतरी मोघम सांगायची. त्याच्या केबिनची खिडकी मागच्या बाजूला उघडायची. तिथून आमची उरलेली सगळी शेतं दिसायची, खाली, खड्ड्यात असल्यासारखी. आमचं घर दिसायचं. उघाडीचं दार दिसायचं. तो रोज तिथून काय बघत असेल हा विचार मनातून जाईना.

पितृपक्ष सुरू झाला होता. भात निसवत होतं. लोंब्या बाहेर पडायला लागल्या होत्या, हा सगळ्यात नाजूक काळ. मॅनेजरने मला खिडकीशी बोलावलं.

"ते गेट या वर्षी तुमच्या घराकडे आहे ना?"

हे गावाबाहेर कुणी बोलत नाही. बोलायचं कारणच नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कळतं." तो हसला. "आमच्या फेज टूचं काम अडलंय. लोकांचा जमिनीचा मोह सुटत नाही. आणि भात आहे तोवर सुटणारही नाही. एक भरती पुरेल. फक्त एक. दार वर राहिलं, दोर अडकला, कुणाच्याही हातून होतं असं. सर्वपित्रीला दुपारी मोठी भरती आहे. तुमचं गाव तेव्हा घरात पानं वाढत असतं."

तेही त्याला माहीत होतं. रात्रीच्या उधाणाला बांधावर राखण असते. पण सर्वपित्री अमावास्येला दुपारी प्रत्येक घर पितरांचं पान मांडून कावळ्याची वाट बघत बसतं. बांधावर चिटपाखरू नसतं. हे त्याला गावच्याच कुणीतरी सांगितलं होतं.

"आणि भात?" मी विचारलं.

"नुकसानभरपाई मिळते भाताला. असंही तुमची पुढची पिढी कुठे शेती करणार? तू तरी करणारेस का?" मग अगदी प्रेमाने, मोठ्या भावासारखा म्हणाला, "तुझा प्रोजेक्ट मीच पास करणार आहे. इथली पहिली लोकल ऑफिसर तू होशील. आणि हे बघ, मी तुला काहीच सांगितलेलं नाही. आपण फक्त गप्पा मारतोय."

हुशार म्हणून बोलावलं नव्हतं मला. माझ्या हातात दोर होता म्हणून बोलावलं होतं. त्या टाळ्या, तो चहा, ती खुर्ची, सगळं त्या दोरासाठी. गेटवर लोकल म्हणून बाहेर ठेवलं, आणि लोकल म्हणूनच आत घेतलं. मधल्या मध्ये मी शिकलेली बाई कुठेच नव्हते.

तशीच सरांकडे गेले. वाटलं, गुरुजी माणूस आहे, ऐकून तरी घेईल. सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. टेबलावरचं पेन इकडून तिकडे ठेवलं.

"मी हे ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "आणि तूही कुठे बोलू नकोस. दरवर्षी ती कंपनी आपली मुलं नोकरीला घेते."

"पण सर, आमची शेतं बुडतील."

"हे बघ, इमोशनल होऊ नकोस. जगात सगळीकडे असंच होतं. बंदरं अशीच बांधली जातात. तुझी बॅकग्राउंड ही तुझी ताकद आहे, ती वापर." मी जायला दाराकडे वळले तेव्हा त्यांचा तोल गेला. "तुम्हा आगऱ्यांचं ना, हेच. समोर ताट आलं तरी लाथ मारायची. म्हणून मागे राहता."

त्यांच्या तोंडून माझी जात मी पहिल्यांदा ऐकली. इतके दिवस ती त्यांच्या डोक्यात होती तर. अटेंडन्स लावतो म्हणाले तेव्हाही, नशीबवान आहेस म्हणाले तेव्हाही.

घरी काही बोलले नाही. कसं बोलू? आईने साखर ठेवली होती. आणि खोटं कशाला सांगू, दोन रात्री मी विचारही केला. एक भरती. कुणाला कळणार? नोकरी लागेल, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईल, आईची टोपली खाली उतरेल. जमिनी आज ना उद्या जाणारच आहेत असं मनाला समजावलं. मग सकाळी बांधावर जायची. भात वाऱ्याने हलत असायचं. त्याच्याकडे बघवायचं नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी बाबा लंगडत बांधापर्यंत येऊन गेले. म्हणाले, "कोन तरी येऊन गेलाय उघारीवर. बांधाची माती बुटानी दाबलेली हाय. आपल्यातला बूट घालून बांधावर चरत नाय कोन." मी म्हटलं, असेल चढलं कुणीतरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी काका आला. बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. लग्नानंतर वेगळा झाला, घर आमच्या शेजारीच. त्याच्याकडे डंपर आहे, गोदामाच्या भरावाची माती तोच टाकतो. हातात मिठाईचा पुडा. आईला म्हणाला, "पोरीचं कल्यान होतंय वयनी. तिला फक्त डोकं शांत ठेवाला सांगा." आणि जाताना दारात मला हळूच म्हणाला, "उद्या दुपारी तू बांधावर आयली नायस तरी चालेल. मी हाय."

मॅनेजरला ते 'कळतं' कुठून ते आता मला कळलं. ज्याने मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं, तो माणूस. आणि तिथेच माझं ठरलं, हे खरं. भीतीने ठरलं, शौर्याने नाही. मी नसले तरी दार वर जाणार होतं. नाव मात्र माझं लागणार होतं, आमच्या घराचं. पोरीने धरली आणि गाव बुडवलं, असं माझ्या मेलेल्या हाडांनासुद्धा ऐकवलं असतं.

सर्वपित्रीला दुपारी मी बांधावर गेले. आईला सांगितलं, पान मांड, मी येते.

ऊन होतं पण स्वच्छ नव्हतं, आभाळ पांढरं झालेलं. गावातून खिरीचा आणि वड्यांचा वास येत होता. बांधावर मी एकटी. खाडी भरत चालली होती. उधाणाचं पाणी आवाज करत नाही, नुसतं चढतं. बांधाच्या बाहेरचा चिखल गेला, तिवराची मुळं गेली, मग खोडं. एका बाजूला माझ्या कमरेएवढं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्या कितीतरी खाली, भात. मध्ये ते दार. फळ्यांच्या फटीतून पाण्याची धार शेतात उडत होती, रोजच उडते. त्या दिवशी मात्र मला तिची भीती वाटली. कावळेसुद्धा आज गावात गेले होते.

गोदामाच्या रस्त्यावर पांढरी गाडी येऊन उभी राहिली. काच खाली झाली नाही. काका बांधावरून चालत आला, बरोबर दोन अनोळखी माणसं. त्या दोघांच्या पायात बूट.

"घरी जा," काका म्हणाला.

"नाही."

"दोर दे मना."

"होळीला मागायचा असतो दोर, काका. आत्ता नाही."

"शानपना नको. तुझ्याच भल्यासाठी करतंय मी." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. त्यालाही हे सोपं जात नव्हतं, हे मला दिसत होतं. पण तो थांबला नाही. त्यातल्या एका माणसाने माझं मनगट धरलं आणि दुसरा दोराच्या गाठीला भिडला. मनगट असं पिरगळलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. दार जागचं हललं. फळ्यांच्या खालून खारं पाणी फुसकन आत घुसलं.

मी ओरडले. "खांड! खांड परली! खांड!"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ही हाक आमच्याकडे उगाच कुणी देत नाही. लहान मुलांना खेळतानासुद्धा देऊ देत नाहीत. ही हाक आली की जो जिथे असेल तिथून उठतो. तोंडातला घास टाकून उठतो, बाळंतिणीच्या उशापासून उठतो. मी आयुष्यात ती हाक कधी दिली नव्हती. माझ्या घशातून ती माझ्या घरच्या बोलीत बाहेर आली, जी बोली कॉलेजात मी दातांखाली दाबून ठेवायची.

क्षणभर काही झालं नाही. मग गावातून हाकेला हाक आली. आणि मग माणसं दिसायला लागली. धोतर, बर्म्युडा, नऊवारी, गाऊन. हातात फावडी, घमेली, एकाच्या हातात तर नुसता पाट. पितरांची पानं तशीच टाकून आलेली. माझं मनगट सोडून ती दोन माणसं गोदामाच्या बाजूला पळाली. काका पळाला नाही. तो पळाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ओढून अडकवलेला दोर आधी मी सोडला, दार परत खाली बसलं, पाणी थांबलं.

"कुठं हाय खांड?" सगळ्यांत पुढचा म्हातारा धापा टाकत विचारत होता.

"परली नाय. पाराय आयलेत," मी म्हणाले. पडली नव्हती, पाडायला आले होते.

आणि तिथेच बोलले. सगळं. खिडकी, चहा, एक भरती, दोर अडकला म्हणायचं, तुमची पोरं कुठे शेती करणार. शब्द न् शब्द सांगितला. गाडीतून मॅनेजर उतरला तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवून परत सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मुलीचा काहीतरी गैरसमज झालाय. तणावाखाली आहे ती. आम्ही तिला किती सपोर्ट केलाय, तिला विचारा." त्याचं मराठी इतकं सुंदर होतं की काही लोक माझ्याकडे संशयाने बघायला लागले. मला दिसलं ते.

बाबा सगळ्यांच्या मागून पोचले. गुडघा धरत. त्यांनी मॅनेजरकडे बघितलंच नाही. काकाच्या समोर जाऊन उभे राहिले.

"तू दोर मांगाला आयलास?"

काकाने मान खाली घातली. गाडी वळून गेली.

याच्यापुढे सगळं गोड झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. भात वाचलं, एवढंच. गावातली अर्धी माणसं माझ्यावर रागावली. खांड नसताना खांडीची हाक दिली म्हणून, आणि पितर उपाशी परत गेले म्हणून. एका घरात पुढच्या महिन्यात म्हातारं गेलं, त्याचाही ठपका माझ्यावर आला. ज्यांना जमीन विकायचीच होती ते तर माझं तोंड बघत नाहीत. आई अजून काकाच्या घराकडची खिडकी लावून घेते आणि रडते. डंपर चालूच आहेत. भराव बांधाच्या आणखी जवळ आला आहे.

कंपनीने कॉलेजला कळवलं, विद्यार्थिनीने गैरवर्तन केलं. माझा प्रोजेक्ट अपुरा ठरला. रिझल्ट राखून ठेवला. सरांनी केबिनमध्ये बोलावून समोर कोरा कागद ठेवला.

"माफी लिही. दोन ओळी. बाकी मी सांभाळून घेतो."

"कशाची माफी, सर?"

"लिहायला काय जातं तुझं?"

मी तो कागद उलटा केला आणि त्याच्यावर नव्या प्रोजेक्टचा अर्ज लिहिला. विषय मीच ठरवला. आमच्या गावाभोवतालची गोदामं, त्यांचा भराव आणि त्या भरावाने अडवलेलं पाणी. कोण माल पाठवतो, कोण उतरवून घेतो आणि मधे कोण बुडतं, हे त्यांच्याच विषयाच्या भाषेत मांडायचं. सर म्हणाले, याला गाईड मिळणार नाही. म्हटलं, तुम्हीच आहात गाईड, नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या. त्यांनी अजून दिलेलं नाही. मी दर आठवड्याला जाऊन त्यांच्या दारात उभी राहते. वर्ष जाईल, दोन जातील. ही डिग्री मी घेणार आहे. माफी न मागता. माझ्या जातीचं नाव त्यांच्या तोंडावर सांगून.

आणि होळी जवळ आली आहे. उघाडी आता आमच्या घराकडून जाणार. गल्लीचा क्रम चुकत नाही, पुढचं घर काकाचं आहे. गावकीत दोन-चार जण म्हणाले, त्याला वगळा. बाबा नाही म्हणाले. एकदा क्रम मोडला की पुढच्या वर्षी पैसेवाला ठरवेल कुणाचं घर. मलाही ते पटलं. म्हणजे दोर माझ्याच हाताने मला त्याच्या हातात द्यायचा आहे.

देईन. नारळ फोडून देईन. आणि सगळ्या गावासमोर त्याला सांगेन की काका, दोर तुझ्याकडे आहे, पण दर उधाणाला मी तुझ्या शेजारी उभी असेन. अमावास्येला, पुनवेला, दिवसा, रात्री, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. तू दार वर ओढायला हात लावलास तर आधी मला खाडीत ढकलावं लागेल. आणि पडता पडता मी हाक देईन.